समेवरचा बोकड

मानवजातीनं आजवर जे काही ऐकलं ते अर्धवट ऐकलं, आणि आपण मात्र उरलेलं आयुष्य पूर्ण ऐकण्यातच घालवणार, असा निर्धार यशया ओहोळ यांनी सावेडीतल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उभं राहून जाहीर केला. स्वयंपाकघरात त्या वेळी शेंगदाण्याच्या कुटासाठी मिक्सर लावलेला होता. त्यामुळे निर्धार मानवजातीपर्यंत जाणं राहिलंच, तो बायकोपर्यंत, ग्रेसबाईंपर्यंतही पोचला नाही. मिक्सर थांबल्यावर त्यांनी आतून विचारलं, "काही म्हणालात का?"

"नाही," यशया म्हणाले. असली वाक्यं माणसाला एकदाच जमतात.

निर्धाराचं कारण टीपॉयवर पडलं होतं. त्यांच्या मुलानं, जस्टिननं, बंगळुरूहून एक खोकं पाठवलं होतं. त्यात साबणाच्या वडीएवढा काळा, वजनदार प्लेअर होता, वेणीसारखी वळलेली तार असलेले इअरफोन होते, आणि कानात बसवायच्या निरनिराळ्या मापांच्या रबरी टोप्या होत्या. जस्टिननं फोनवर समजावलं होतं, "पप्पा, मोबाईलवर गाणं येतं ते दाबून, पिळून, बारीक करून येतं. ह्यात जसं गायलं तसंच्या तसं आहे. फक्त ऐकायला कान पाहिजेत."

हे शेवटचं वाक्य त्यानं सहज टाकलं, पण यशयांना ते लागलं. कारण कान हाच त्यांचा जन्मभराचा अभिमान. टेलिफोन खात्यात असताना लाइनवरची नुसती खरखर ऐकून कुठल्या खांबावर पाणी शिरलंय हे ते खुर्चीत बसून सांगत. निम्म्या वेळा ते बरोबर निघे. उरलेल्या निम्म्या वेळा लाइनमन चुकीच्या खांबावर चढला, असं त्यांचं म्हणणं पडे.

त्यांनी टोप्या कानात बसवल्या आणि एका बुजुर्ग गवयाचा विलंबित ख्याल लावला. तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू आल्या. गवयाची अंगठी भोपळ्याला लागली ती ऐकू आली. मागच्या रांगेत कुणी तरी खोकलं, आणि तो खोकला डावीकडून आला. यशयांना वाटलं, इतकी वर्षं आपण बंद दाराला कान लावून उभे होतो आणि आज कुणी तरी कडी काढली. ताल फिरून समेवर आला, म्हणजे सगळं आवर्तन जिथं येऊन टेकतं त्या जागेवर, आणि जाणकारांची मान हलते तिथं यशयांचा आख्खा उजवा हात वर गेला. त्या हातानं भिंतीवरच्या पंख्याची दोरी ओढली गेली आणि पंखा बंद पडला, पण त्यांना ते कळलं नाही. डोळे मिटलेले होते.

त्यानंतर घरात तिसरं माणूस राहायला आल्यासारखं झालं, आणि ते दोघांपैकी एकाशीच बोलत होतं.

नवे इअरफोन आखडलेले असतात, त्यांना सतत वाजवत ठेवून मोकळं करावं लागतं, असं यशयांनी कुठं तरी वाचलं. म्हणून ते दिवसा ग्रेसबाईंच्या कपाटात, साड्यांच्या घडीत, चालू करून ठेवले जात. शेजारच्या लग्नाला निघालेल्या ग्रेसबाईंनी कपाट उघडलं तर पैठणीतून एक पुरुष बारीक आवाजात कळवळून काही तरी मागत होता. त्यांनी कपाट शांतपणे लावलं आणि दोरीवर वाळलेली साडी नेसून लग्नाला गेल्या.

घरात काही सांगायचं झालं की त्या ताटावर पळी वाजवत. यशया एका कानातली टोपी काढून म्हणत, "हळू. ताट बेसूर आहे."

"चाळीस वर्षं त्याच ताटात जेवताय."

"तेव्हा ऐकलं नव्हतं."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण यशया त्यांच्या चर्चच्या भजनी मंडळाचे प्रमुखही होते. पेटी तेच वाजवत आणि पहिला सूर तेच देत. दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत तालीम व्हायची. तबल्यावर कल्याण भांबळ, ज्याचं औरंगाबाद रोडला स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. गायला शाळेत शिकवणारी आराधना आणि आणखी चार-पाच बायामाणसं. खंजिरीला नोहा, जो बँकेत होता आणि खंजिरीही बंद व्हायच्या वेळेकडे लक्ष ठेवूनच वाजवायचा. हे मंडळ कधी फार सुरात होतं असं कुणीच म्हटलं नसतं. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते गायला लागलं की म्हाताऱ्यांना आपली आईबापं आठवत आणि पोरं मोबाईल खिशात घालत. यशयांना हे मंडळ आपल्या पेन्शनीपेक्षा जवळचं होतं.

हंगामाचा सण जवळ आला होता. त्याच्या तालमीला यशया कान मोकळे करून आले, आणि मोकळ्या कानांनी त्यांना सगळं ऐकू आलं.

"थांबा," ते म्हणाले. "आराधना, तू ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतेस."

आराधना म्हणाली, "हो सर."

"तो ऐकू येतो."

"मग घेऊ नको का?"

"घे. पण नोहाच्या खंजिरीत लपव. नोहा, तू खंजिरी वाजवतोस की सुट्टे मोजतोस? आणि कल्याण, तुझा डग्गा उतरलाय. डग्गा कसला, ओल्या पोत्यावर कुणी तरी बुक्क्या मारतंय."

खोलीत शांतता पसरली. यशयांना ती शांतता फार स्वच्छ वाटली. कल्याणनं हातोडी पिशवीत टाकली, तबल्यावर कापड घातलं, डग्गा काखेत मारला आणि उठला.

"सर, तुमच्या त्या डबीत एक तबलजी हाय ना? मंग त्यालाच बोलवा नाताळला."

"मी खरं तेच बोललो."

"व्हय. लई खरं बोलला."

तो गेला. मागोमाग आराधना श्वास न घेता गेली. बाकीच्यांनी आधी एकमेकांकडे, मग दाराकडे पाहिलं. शेवटी नोहानं घड्याळ पाहिलं आणि खोली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. तरुण, मृदू माणूस, वाईट बातमीसुद्धा आशीर्वादासारखी सांगायचा.

"सर, हंगामाच्या सणाला सगळी मंडळी मिळून गातील, ते निभेल. पण नाताळचं काय? चर्चचे पंच म्हणताहेत, भजनी मंडळ उभं राहत नसेल तर गाण्यांचे तयार ट्रॅक मिळतात. मोबाईलवरून स्पीकरला जोडायचे, आपण फक्त ओठ हलवायचे."

यशयांच्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं. गव्हाणीच्या देखाव्याशेजारी ब्लूटूथचा स्पीकर, आणि त्यातून दाबून, पिळून, बारीक करून येणारा तारणाऱ्याचा जन्म.

"हे होऊ देणार नाही," ते म्हणाले.

"मग सोपं आहे, सर. कल्याणकडे जाऊन एक शब्द म्हणा, चुकलो."

"मंडळ मी नाताळपर्यंत उभं करणारच. पण चुकलो म्हणणार नाही. डग्गा उतरला होता. उतरलेल्या डग्ग्याला चढलेला म्हणणं म्हणजे खोटी साक्ष. दहा आज्ञांत ती बसत नाही."

पाळकसाहेबांनी आज्ञांचा विषय आपल्या अखत्यारीतला असूनही सोडून दिला आणि चहा संपवला. ते गेल्यावर ग्रेसबाई म्हणाल्या, "डग्ग्यासाठी मोशे डोंगरावर गेला नव्हता."

यशयांनी टोप्या कानात घातल्या.

हंगामाच्या सणाला लोक आपापलं पीक चर्चमध्ये आणतात. शेती उरली नसेल तर बाजारातून आणतात, देवाला बिल दाखवायचं नसतं. त्या रविवारी वेदीपुढे उसाची मोळी, बाजरीची कणसं, भोपळे, वांगी, अंड्यांचे ट्रे, लोणच्याच्या बरण्या, केक आणि पाय बांधलेल्या कोंबड्या असा थाट होता. मंडळी गायली, आणि तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत गायली. यशया पेटीपाशी एकटे बसले होते. तबल्याच्या जागी कुणी तरी भोपळा ठेवला होता. त्यांच्या छातीत कळ आल्यासारखं झालं, पण त्यांनी ती भात्यात ढकलली आणि गाणं पुरं केलं.

मग आवारात लिलाव सुरू झाला. लिलाव दरवर्षी दीना मेंबर पुकारत. ते साखर कारखान्याच्या काट्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगांवर आयुष्यभर ओरडलेले, त्यांना माइक लागत नसे. मिळालेला पैसा चर्चला जायचा. शेवटी बोकड निघायचा, आणि बोकडाची एक रीत होती. ज्याच्या नावावर बोकडाची बोली सुटेल त्यानं तो शिजवून भजनी मंडळाला घरी जेवायला बोलवायचं. वर्षभर गाऊन घसे कोरडे झालेल्यांना कुणी तरी रस्सा पाजावा, हा जुन्या लोकांचा विचार.

यशया सर्वात मागच्या खुर्चीत जाऊन बसले. मंडळातले लोक विखरून उभे होते आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. भोपळ्यांची बोली ऐकण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी प्लेअर कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, तार मफलरखालून वर घेतली आणि तोच विलंबित ख्याल लावला. दीना मेंबर दिसेनासे झाले नाहीत, पण ऐकू येईनासे झाले. यशयांनी डोळे मिटले आणि ते दिसेनासेही झाले.

लिलाव भोपळ्यांवरून कोंबड्यांवर आणि कोंबड्यांवरून बोकडावर आला. बोकड कडुलिंबाखाली होता आणि त्याचं दावं कल्याण भांबळनं धरलं होतं. रागावलेला असला तरी बोकड धरायला तोच लागे.

आणि बोली निघेना.

"बोला, बोला," दीना मेंबर म्हणाले. "मिरजगावकडचा बोकड हाय, शेंगा खाऊन वाढलाय."

लोक जमिनीकडे पाहू लागले. मंडळच मोडलेलं, जेवायला घालायचं कुणाला? फुटलेल्या मंडळाचा बोकड घरी नेणं म्हणजे दुसऱ्याचं भांडण दाव्याला बांधून नेणं. दीना मेंबरांनी पंचांनी ठरवलेली मूळ किंमतच पुन्हा पुकारली.

"कुनीच न्हाई? मंग बोकड परत द्यायचा का देनाऱ्याला? असं कधी झालं न्हाई."

मागच्या खुर्चीत तबल्यानं शेवटच्या मात्रा मोजल्या, गवयानं तान ओढून आणून बरोबर समेवर ठेवली, आणि यशयांचा उजवा हात वर गेला.

"ओहोळ सर," दीना मेंबर एकदम म्हणाले, आणि सगळ्या माना मागे वळल्या. "ओहोळ सरांची बोली. एक वार."

विलंबितात दोन समांमध्ये बरंच अंतर असतं. दीना मेंबरही विलंबितातलेच. त्यांनी घाम पुसला, बोकडाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. "दोन वार," ते म्हणाले, आणि तिसऱ्या वारासाठी हात उचलणार तोच यशयांचा हात पुन्हा वर गेला.

दीना मेंबर थांबले. "सर, वरची बोली तुमचीच हाय."

गवयानं एक जागा अशी घेतली की यशयांची मान आपोआप डावी-उजवीकडे डोलली.

"न्हाई म्हनत्यात," दीना मेंबरांनी लोकांना समजावलं. "वाढवा म्हनत्यात."

आवारात कुजबुज थांबली. स्वतःवरच बोली चढवणारा माणूस तिथं कुणी पाहिलेला नव्हता. डोळे मिटून, चेहऱ्यावर वेदना आणि आनंद असं काही तरी घेऊन यशया बसले होते. पाळकसाहेबांनी हात जोडले. बायकांच्या केकच्या टेबलामागून ग्रेसबाईंना मफलरखालची तार दिसली, आणि त्या उठल्या. पण मधे भोपळे होते आणि भोपळे विकत घेतलेली माणसं होती. त्या पोचेपर्यंत आणखी एक सम येऊन गेली.

"तीन वार," दीना मेंबर घाईनं म्हणाले. आणखी एक हात वर गेला असता तर सरांचं घर चालणं अवघड होतं, हे त्यांना दिसत होतं.

टाळ्या झाल्या. ख्याल संपला. यशयांनी डोळे उघडले, तर समोर कल्याण उभा होता आणि त्याच्या हातात दावं होतं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बोकड होता. यशयांनी टोप्या काढल्या.

"सर," कल्याण खालच्या आवाजात म्हणाला, "यवढं कशाला हो? नुसतं घरी आला असता, तरी चाललं असतं."

त्यानं दावं यशयांच्या हातात दिलं. मागं आराधना उभी होती आणि डोळे पुसत होती. यशयांनी बोकडाकडे पाहिलं, मग दीना मेंबरांकडे, मग हळूहळू त्यांना हिशेब लागला. टेलिफोन खात्यात असा हिशेब लागायला त्यांना दोन दिवस लागत.

खरं सांगितलं तर मंडळ पुन्हा मोडत होतं, या वेळी कायमचं, आणि नाताळला स्पीकर गाणार होता. खरं नाही सांगितलं तर न मागितलेली माफी त्यांच्या नावावर जमा होत होती. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ग्रेसबाई शेजारी येऊन पोचल्या, त्यांनी दाव्याला हात घातला आणि हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता म्हणाल्या, "एक अक्षर बोलू नका."

यशयांनी विचार केला. खोटी साक्ष द्यायला आधी साक्ष द्यावी लागते. गप्प बसलेला माणूस कसलीच साक्ष देत नाही. आज्ञेत ही जागा मोकळी सुटलेली पाहून त्यांना बरं वाटलं. नाताळपर्यंत डग्ग्याबद्दल तोंड उघडायचं नाही असा त्यांनी तिथल्या तिथं निश्चय केला, आणि बोकडाला म्हणाले, "चल."

बोकड रिक्षानं सावेडीला आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या स्टँडला बांधलेला, तो जेवणाच्या दिवसापर्यंत राहिला. सेक्रेटरी विचारायला आले, त्यांनाही जेवणाचं बोलावणं दिलं, आणि नियमांचा विषय मिटला. प्लेअरच्या टोप्या बाहेरचे सगळे आवाज अडवतात असं खोक्यावर छापलेलं होतं. बोकडानं खोकं वाचलेलं नव्हतं. गवई आलापीला बसला की खालून तो साथीला बसे, आणि तक्रार म्हणजे तो सुरात असे.

शनिवारी खाटीक येऊन गेला. संध्याकाळी मंडळ जेवायला आलं, गच्चीवर सतरंज्या पडल्या. सगळे आधी जरा अवघडून बसले होते. पण ग्रेसबाईंचा रस्सा पानात पडल्यावर अवघडलेपण टिकेना.

"बाई, मसाला घरचा का?" नोहानं विचारलं.

"घरचा. आणि तू मोजून वाढून घेऊ नको, इथं बँक नाही."

"आम्ही तर ऐकलं, सर स्वतः बोकडाला चारा घालत होते," आराधना म्हणाली.

"घालत होते," ग्रेसबाई म्हणाल्या. "त्याला गाणंही ऐकवलं. शेवटी तो स्वतःहून खाटकाकडे गेला."

सगळे हसले. यशया हसले नाहीत, कारण त्यांचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले होते. नोहानं रिकाम्या ताटावर ताल धरला, तो चुकीचा होता, आणि त्यांनी तो गिळला. आराधनानं एक कडवं गुणगुणायला घेतलं, श्वास त्यांना गच्चीच्या या टोकाला ऐकू आला, आणि त्यांनी तोही भाकरीबरोबर गिळला. कपाळावरची शीर तेवढी उडत होती. ग्रेसबाईंनी ती पाहिली आणि त्यांना आणखी रस्सा वाढला.

हात धुऊन झाल्यावर कल्याण त्यांच्याजवळ येऊन बसला.

"सर, एक बोलू का?"

"बोल."

"डग्गा उतरला हुता."

यशयांनी त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही. निश्चय नाताळपर्यंतचा होता.

"मला म्हाईत हुतं. शाई उडालीय, वरची कातड्याची पुडी बदलायला टाकायची हुती, दुकानातनं सवड मिळंना. पन तुमी समद्यांसमोर पोतं म्हनला, सर. माज्या बापाचा डग्गा हाय तो. ते लागलं."

मग यशया म्हणाले, "पोतं म्हणायला नको होतं."

हे खरं होतं, त्यामुळे ते म्हणायला त्यांना काहीच अडचण आली नाही.

"जाऊ द्या," कल्याण म्हणाला. "ती डबी दावा की. एवढं काय हाय तिच्यात ते बघू तरी."

यशयांनी खिशातून प्लेअर काढला, कल्याणच्या कानांच्या मापाच्या टोप्या शोधल्या, नीट बसवून दिल्या आणि तो ख्याल लावला. कल्याणनं डोळे मिटले. त्याची बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. तेवढ्यात लाइट गेली. सगळी सावेडी अंधारात बुडाली, खाली कुत्री भुंकली, बायका भांडी चाचपत उठल्या. कल्याणला त्यातलं काही कळलं नाही. प्लेअरच्या पडद्याचा निळसर उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. ताल फिरून आला आणि समेवर कल्याणचा हात वर गेला. यशया श्वास धरून बसले होते. एका माणसाला तरी कळलं होतं.

गाणं संपल्यावर कल्याणनं टोप्या काढल्या आणि प्लेअर यशयांच्या हातात परत दिला.

"पुढच्या शनिवारी येतो तालमीला," तो म्हणाला. "नवी पुडी घालून आनतो. बाकीच्यांस्नी मी सांगतो, तुमी सांगू नका."

मंडळ उभं राहिलं होतं. नाताळला माणसं गाणार होती, श्वास घेऊन, चुकत, पण माणसं. यशयांना भरून आलं, आणि भरून आल्यावर त्यांना गप्प राहता येईना. ते उठले, प्लेअर दोन्ही हातांत ओंजळीसारखा धरला आणि म्हणाले, "कल्याण, हे नुसतं यंत्र नाही. ह्यात आवाजाचा एक कणही वाया जात नाही. अंधारातून उजेडात आल्यासारखं होतं माणसाला. गाणाऱ्याच्या छातीतलं ऐकू येतं. तू आज जे ऐकलंस ते..."

कल्याण आदरानं ऐकत होता. तो जिन्याच्या दारापर्यंत गेला, खाली वाकला, अंधारात हातानं काही तरी चाचपलं आणि परत वळला.

"सर, ती डबी जरा इकडं धरता का? उजेड बरा हाय तिचा. माजी एक चप्पल गावंना."